हरवलेली अंगठी शोधायला इक्विनॉक्स ८०० कसं आहे?

मायनलॅब कंपनीचं इक्विनॉक्स ८०० हे मेटल डिटेक्टर मी बऱ्याच काळापासून वापरतेय आणि वापर एकाच कामासाठी, हरवलेले सोन्याचे दागिने शोधायला. नाणी, जुन्या वस्तू, खजिना वगैरे शोधणाऱ्यांचे रिव्ह्यू ढिगानं आहेत, पण ज्याची अंगठी काल बागेत पडलीय आणि रात्रभर डोळ्याला डोळा नाही त्याला जे हवंय ते त्यात मिळत नाही, म्हणून लिहायला बसले. आधीच सांगून टाकते, अंगठी असेल आणि कुठे पडली ते साधारण माहीत असेल तर या मशीनवर डोळे झाकून विसंबा, विकत घ्यायचं की नाही ते शेवटी सांगते. बारीक चेन असेल तर मात्र सगळं वाचा आणि मग ठरवा.

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं बसवा की सोनं ओळखणारं मशीन जगात नाहीये. मशीनला कळतो तो धातू, बस्स. दांडीच्या टोकाला जी चकती असते ती कॉइल, तिच्यातली एक गुंडाळी चुंबकीय क्षेत्र सोडते, त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्या अंगात छोटे छोटे प्रवाह फिरायला लागतात, त्या प्रवाहांचं स्वतःचं क्षेत्र तयार होतं आणि दुसरी गुंडाळी ते पकडते. किती जोरात आलं आणि किती उशिरानं आलं यावरून मशीन एक आकडा दाखवतं, त्याला टार्गेट आयडी म्हणतात. हा आकडा धातू कोणता यावर जितका ठरतो तितकाच तो केवढा आहे, किती जाड आहे, कसा पडलाय यावरही ठरतो. म्हणूनच नाजूक सोन्याची अंगठी आणि चॉकलेटच्या कागदाचा चुरगळा एकाच आकड्यावर येऊ शकतात, आणि यात मशीनचा काही दोष नाही, विद्युतवहनात सोनं आणि ॲल्युमिनियम मुळातच शेजारी शेजारी बसतात. कोणी तुम्हाला 'फक्त सोनंच दाखवणारं' किंवा दुरूनच दिशा दाखवणारं काही विकायला आलं तर तिथून निघा. एडीई ६५१ नावाचं असलंच एक उपकरण बॉम्ब शोधायचं म्हणून इराकला विकलं होतं, आत चालणारं काहीच नव्हतं, मूळ कल्पना गोल्फचे बॉल शोधायच्या एका खेळण्याची, आणि विकणाऱ्याला ब्रिटनमध्ये २०१३ साली १० वर्षांची शिक्षा झाली. हातात धरायची दांडी आणि वर फिरणारी ॲंटेना दिसली की समजून जायचं.

आता इक्विनॉक्सचे आकडे. उणे ९ ते ४० अशी पट्टी आहे, शून्य आणि त्याखाली लोखंड, १ पासून वर बाकीचे धातू. सोनं यात कुठेही येऊ शकतं पण बायकांच्या नाजूक अंगठ्या बहुतेक खालच्या आकड्यांत, पुरुषांच्या जाड अंगठ्या मधल्या भागात, आणि बांगडी किंवा कडं असेल तर चांगलंच वर. कॅरेटचाही फरक पडतो आणि तो लोकांना उलटा वाटतो. २२ कॅरेट म्हणजे ९१६, १८ कॅरेट म्हणजे हजारात ७५० भाग सोनं, बाकी तांबं, चांदी वगैरे. तांबं आणि चांदी दोन्ही सोन्यापेक्षा जास्त वीज वाहतात, त्यामुळे मिसळ वाढली की आकडाही वाढेल असं वाटतं ना, पण मिश्रधातू झाला की वहन एकदम पडतं, म्हणून त्याच मापाची १८ कॅरेटची अंगठी २२ कॅरेटपेक्षा खाली बोलते. पांढरं सोनं अजून खाली, प्लॅटिनमही तसंच खाली. हिरा तर मशीनच्या दृष्टीनं नसल्यातच जमा, जे काही दिसतं ते त्याचं कोंदण. तेव्हा खड्याची नाजूक पांढऱ्या सोन्याची अंगठी शोधायची असेल तर खालचे आकडे बंद करून चालणारच नाही, आणि नवखे लोक नेमकं तेच करतात, कचऱ्याच्या बीपला वैतागून डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको ते आकडे गप्प करायची सोय, वाढवतात आणि अंगठीवरून कॉइल फिरवून पुढे निघून जातात. मशीन गप्प, माणूस खूश, अंगठी तिथेच.

मग हेच मशीन का, तर मल्टी फ्रिक्वेन्सी. २०१८ साली हे आलं तेव्हा त्याची सगळी चर्चा मल्टी-आयक्यूची होती, म्हणजे एकाच वेळी बऱ्याच फ्रिक्वेन्सी सोडायच्या आणि सगळ्यांचं उत्तर एकत्र वाचायचं. हवी तर ५, १०, १५, २० किंवा ४० किलोहर्ट्झ अशी एकच फ्रिक्वेन्सीही लावता येते, ६०० मॉडेलमध्ये २० आणि ४० नाहीत आणि दागिन्यांसाठी तोच मोठा फरक आहे कारण बारीक आणि कमी वहन असलेल्या वस्तू वरच्या फ्रिक्वेन्सीला जास्त चांगल्या दिसतात. पण खरं सांगू का, मी जवळजवळ कायम मल्टीच ठेवते. एकेरी ४० मी फक्त कोरड्या साध्या मातीत कानातल्याची फिरकी किंवा तुटलेला छोटा तुकडा शोधताना लावते.

सेटिंगचं फार अवडंबर नको. जागेप्रमाणे तयार सेटिंगचे संच मशीनमध्येच असतात, त्यांना प्रोफाइल म्हणतात. बागेत, मैदानात, गवतात पार्क २ लावा, कचऱ्याच्या जागी बारीक दागिने टिपायला तो प्रोफाइल पार्क १ पेक्षा बरा पडतो. घोड्याच्या नालेच्या आकाराचं जे बटण आहे ते दाबलं की सगळे आकडे उघडे होतात, लोखंडासकट, आणि जागा फार खिळ्याबिळ्यांची नसेल तर मी तसंच ठेवते. सेन्सिटिव्हिटी २५ पर्यंत जाते पण कमाल ठेवायचा मोह टाळा, काल परवा पडलेली अंगठी फूटभर खोल गेलेली नसते, ती गवताच्या मुळांतच असते, त्यामुळे खोलीपेक्षा शांत, स्वच्छ आवाज मिळणं जास्त महत्त्वाचं. रिकव्हरी स्पीड हा आकडा ८०० ला १ ते ८ असा मिळतो, कचरा जास्त असेल तर वाढवा म्हणजे शेजारी शेजारी पडलेल्या दोन वस्तू वेगवेगळ्या बोलतात, नाहीतर बाटलीच्या बुचाच्या आवाजाखाली अंगठीचा आवाज दबून जातो. नॉइज कॅन्सल, म्हणजे आजूबाजूच्या विजेच्या उपकरणांचा गोंगाट टाळणं, सुरुवातीला एकदा करायचंच, आणि खिशातला मोबाइल लांब ठेवा किंवा फ्लाइट मोडवर टाका, मशीन उगाच बडबडतंय अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बऱ्याच जणांचा इलाज एवढाच असतो.

मशीनची खरी मजा आवाजात आहे. आकडा दुसऱ्या नंबरला, कान पहिल्या. शाबूत अंगठी म्हणजे धातूचं बंद कडं, त्यात प्रवाहाला गोल फिरायला पूर्ण वाट मिळते, त्यामुळे तिचा आवाज गोलसर, गुळगुळीत येतो, डावीकडून उजवीकडे फिरवा की उजवीकडून डावीकडे, आणि मग तुम्ही स्वतः नव्वद अंशात वळून आडवी कॉइल फिरवा, आवाज तोच आणि आकडाही जवळपास तोच. फॉइलचा आकडा नाचतो, ४, ७, ५, परत ३, आणि आवाजाच्या कडा फाटल्यासारख्या येतात. कॅनची चावी, जी ओढून कॅन उघडतात ती, फसवते सगळ्यात जास्त, ती अंगठीसारखीच बोलते आणि तिच्यावर एकच उपाय आहे, खाली वाकायचं आणि बघायचं. मागे एका बाकाखालच्या गवतात अशाच चाव्यांवर चाव्या निघत होत्या, प्रत्येक १२-१३ वर, आणि मध्येच एक सिग्नल आला, आकडा त्यांच्यातलाच, पण जरा भरीव, आणि चारी बाजूंनी अजिबात न हलणारा. गवत बाजूला केलं तर काही नाही. बोटानं मुळं विंचरली तरी काही नाही. पिनपॉइंटर, म्हणजे जवळून नेमकी जागा दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर, टेकवला तेव्हा कळलं की अंगठी मुळांच्या जाळीत उभी अडकली होती, कडेवर, वरून जेमतेम एक पिवळी रेघ दिसावी इतकीच. आधी तिथे बऱ्याच जणांनी गुडघ्यावर बसून हातानं शोधलं होतं. उभी अंगठी डोळ्याला दिसत नाही आणि हातालाही लागत नाही, मशीनला मात्र लागते, सिग्नल आडवीपेक्षा जरा बारीक येतो एवढंच.

आता चेनबद्दल. लोक विचारतात की अंगठी दिसते मग तेवढ्याच वजनाची, किंबहुना दुप्पट वजनाची चेन का दिसत नाही. कारण मशीनला वजन दिसतच नाही. चेन म्हणजे शेकडो बारीक कड्या, एकमेकींना नुसत्या टेकलेल्या, त्या टेकण्यातून प्रवाह नीट जात नाही, म्हणून मशीनला सगळी चेन एक वस्तू म्हणून दिसतच नाही, प्रत्येक कडी सुटी दिसते आणि एवढी बारीक कडी एकटी जवळजवळ काहीच बोलत नाही. बहुतेक वेळा सिग्नल येतो तो चेनच्या हुकाचा किंवा लॉकेटचा. लॉकेट असेल तर आशा भरपूर. नुसती बारीक विणीची चेन, लॉकेट नाही, हूक इवलासा, तर कॉइल अगदी जमिनीला घासत, मुंगीच्या पावलानं फिरवावी लागते आणि १, २ असे पुसट, येतायेता जाणारे आवाजसुद्धा तपासावे लागतात. इथे ६ इंची छोटी कॉइल लावली तर बराच फरक पडतो, सोबत येणारी ११ इंची कॉइल बारीक वस्तूंना जरा मोठीच पडते. कापलेल्या किंवा तडकलेल्या अंगठीचंही तसंच, कडं उघडं झालं की गोल फिरणारा प्रवाह तुटला आणि सिग्नल एकदम बारीक. कानातली मोठी रिंग पडताना तिचा हूक उघडला असेल तर तीही याच जातीत मोडते. हे कोणत्याही कंपनीच्या मशीनला लागू आहे, महागातलं मशीन घेऊन यातून सुटका नाही.

समुद्रकिनाऱ्यावर हे मशीन खऱ्या अर्थानं पैसे वसूल करतं. खारं पाणी स्वतःच वीज वाहतं, त्यामुळे ओल्या वाळूवर एकेरी फ्रिक्वेन्सीची साधी मशीन सतत खोटं बोलत राहतात, सेन्सिटिव्हिटी कमी करत करत शेवटी काही उरत नाही. इथे बीच १ लावून ओल्या वाळूवर आरामात चालता येतं, आणि लाटांत किंवा पाण्याखाली बीच २, तो प्रक्षेपणाची ताकद मुद्दाम कमी करतो म्हणून स्थिर राहतो. मशीन ३ मीटरपर्यंत पाण्यात जाऊ शकतं. सोबतचे वायरलेस हेडफोन मात्र पाण्यात न्यायचे नाहीत, बुडी मारायची तर वेगळे वॉटरप्रूफ घ्यावे लागतात. थंड पाण्यात बोटं आक्रसतात, वर पाण्याचा ओलावा, अंगठ्या तिथे पटकन निसटतात. आणि पाण्यात पडली तर वेळ दवडू नका, सोन्याची घनता १९.३ म्हणजे वाळूच्या कितीतरी पट, लाट वाळू ढवळते तेव्हा वाळू हलते आणि सोनं खाली खाली बसत जातं, खाली शिंपल्यांचा किंवा कडक मातीचा थर लागेपर्यंत. कोरड्या वाळूत पडली असेल तर इतकी घाई नाही पण लोकांच्या पायांनी ती तुडवली जाते, म्हणून जागा आधी पायानं न तुडवता काहीतरी खूण करून मोकळी ठेवा.

पिनपॉइंटरशिवाय हे काम करूच नका. मी गॅरेटचा प्रो-पॉइंटर एटी वापरते, तो भगवा नारिंगी, ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा. मशीन तुम्हाला ताटाएवढ्या जागेपर्यंत आणतं, पुढचं काम याचं. टोक जवळ गेलं की थरथर वाढत जाते, आवाज ऐकू नाही आला तरी तळव्याला कळतं कुठे वळायचंय. तो ६ मीटरपर्यंत पाण्यातही चालतो, आणि रंग असा की गवतात ठेवला तर लगेच दिसतो, काळा पिनपॉइंटर शोधण्यातच लोकांचा वेळ जातो हे मी पाहिलंय. फक्त शोधताना स्वतःच्या हातातली अंगठी, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा, नाहीतर तो त्यांनाच बघून ओरडत राहील. लोखंडी टोकाचे बूटही मशीनला चालत नाहीत.

घरात मात्र या मशीनची अपेक्षा करू नका. फरशीखाली सळ्या, भिंतीत वायरी, फर्निचरमध्ये खिळे, पलंगात स्प्रिंगा, सगळीकडे धातूच धातू. १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या अंगातली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी असंच यंत्र बनवून नेलं होतं, ते चालतही होतं, पण गादीत लोखंडी स्प्रिंगा होत्या आणि त्यांनी सगळा घोळ घातला. घरात पिनपॉइंटर एकटाच जास्त कामाचा, सोफ्याच्या फटीत, गालिच्यावर, कुंडीतल्या मातीत, व्हॅक्यूम क्लीनरच्या पिशवीत. बेसिनमध्ये पडली असेल तर खालचा वाकडा पाइप आधी खोला, मशीनबिशीन नंतर.

मशीन चालू करायच्या आधीचं काम मात्र मशीनपेक्षा जास्त मोलाचं आहे आणि त्यात घाई करणारे हमखास निराश होतात. ज्याची वस्तू हरवलीय त्याच्याशी शांतपणे बोला. कुठे उभे होतात, कोणत्या हातात होती, काय करत होतात, शेवटची बोटात असल्याचं नक्की कधी आठवतंय, त्या दिवशीचे फोटो आहेत का, फोटोत बोट दिसतंय का. 'इथेच कुठेतरी' हे उत्तर चालत नाही, पण धीरानं विचारलं की 'हातमोजे काढले तेव्हा', 'मुलाला बॉल फेकला तेव्हा' असं काहीतरी निघतंच. हात झटकताना उडाली असेल तर तेवढ्याच वजनाचं काहीतरी, चमकदार फीत बांधलेला वॉशर वगैरे, त्याच जागी उभं राहून तसंच झटकायला सांगा आणि कुठे जातो बघा, लोकांना वाटतं त्यापेक्षा अंगठी बरीच लांब जाते. आणि तशीच दुसरी अंगठी, जोडीदाराची किंवा घरात त्याच घडणीची कोणती असेल, ती जमिनीवर ठेवून मशीनखालून काढा, आकडा आणि आवाज दोन्ही ऐकून ठेवा. मग तुम्हाला नेमकं काय ऐकायचंय ते माहीत असतं. नंतर दोऱ्या लावून पट्टे पाडा, एका पट्ट्यात एकच काम, आधीच्या फेरीवर अर्धी कॉइल चढवत. डबल डी कॉइल, म्हणजे आत इंग्रजी डी अक्षराच्या आकाराच्या दोन गुंडाळ्या, असल्यामुळे मधली उभी पट्टीच जास्त खोल बघते, फेऱ्यांमध्ये फट ठेवली तर फटीतलं राहून जातं. एका दिशेनं सगळं झालं की आडव्या दिशेनं परत. कंटाळवाणं आहे, पण मनाला येईल तसं फिरून मिळण्यापेक्षा असं मिळण्याची शक्यता कितीतरी जास्त.

खणायची वेळ फार कमी येते, आली तर गवताला तीन बाजूंनी काप देऊन झाकण उचलल्यासारखं उचला, काम झालं की माती परत भरा, झाकण बसवा आणि पायानं दाबा. जागेच्या मालकाची परवानगी आधी, आणि पुरातत्त्वाच्या संरक्षित जागेत तर मशीन नेऊच नका, बऱ्याच देशांत तो गुन्हा आहे. निघालेला कचरा, चाव्या, बुचं, फॉइल, सगळं सोबत न्या, परत तिथेच टाकलंत तर पुढच्या माणसाला परत तेच सिग्नल.

वजन सुमारे १.३४ किलो, तासभर काही वाटत नाही, अर्धा दिवस फिरवलं की खांदा बोलतो. बॅटरी आतच, एका चार्जमध्ये साधारण १२ तास, त्यामुळे दिवसात कधी अडत नाही. हाताची पकड आपापल्या उंचीप्रमाणे नीट लावून घ्या, यावर लोक लक्ष देत नाहीत आणि मग कमरेतून वाकून फिरवत राहतात. २०२२ च्या अखेरीस ७०० आणि ९०० ही पुढची मॉडेलं जाहीर झाली, ती ५ मीटरपर्यंत पाण्यात जातात आणि ९०० ला आकड्यांची पट्टी उणे १९ ते ९९ आहे, म्हणजे आकडे जास्त सुटे दिसतात. आज नवीन घेणाऱ्यानं ती बघावीत, पण कोणाकडे वापरलेलं ८०० चांगल्या अवस्थेत मिळत असेल तर दागिन्यांच्या कामाला ते आजही पुरून उरतं.

आणि एकच अंगठी हरवलीय, पुढे छंद करायचा नाही, तर विकत घेऊच नका. भाड्यानं आणलं तरी पहिल्या दिवशी कान तयार नसतात, अंगठीवरून जाऊनही कळणार नाही. त्यापेक्षा अनुभवी माणूस बोलवा. २००९ मध्ये कॅनडात सुरू झालेली द रिंग फाइंडर्स नावाची डिरेक्टरी आहे, तिथे वेगवेगळ्या देशांतले शोधणारे सापडतात, बरेच जण मिळाली तर स्वखुशीनं द्या अशा बोलीवर येतात, पण प्रत्येकाचं वेगळं असतं तर आधीच विचारून घ्या. जवळपासच्या डिटेक्टर क्लबमध्ये विचारलंत तरी कोणी ना कोणी येतं, या लोकांना हे काम मनापासून आवडतं. ते येईपर्यंत गवत कापू नका, दाताळं फिरवू नका, दहा जणांना शोधायला उतरवू नका, आणि जोडीची अंगठी घरात असेल तर ती काढून ठेवा, पहिल्यांदा तीच मागतील.